एकोणतीस अंडी आणि झोपणारा इन्व्हर्टर

इन्व्हर्टर काहीही काम न करता बॅटरी खातो, हे लोकांना पटवून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. घरात एक दिवा लागलेला नसतो, पंखा बंद असतो, माणसं रानात असतात, आणि तरी हा गडी कोपऱ्यात गूं-गूं करत बसलेला असतो. आतला ट्रान्सफॉर्मर नुसता तयारीत ठेवायलाच त्याला वीज लागते. पाहुणा कधी येईल सांगता येत नाही म्हणून दिवसभर चूल पेटती ठेवावी, तसा हा प्रकार आहे. चूल पेटलेली निदान दिसते तरी. हे दिसत नाही, म्हणून कुणाला खरं वाटत नाही.

मी बारामतीत एका लहानशा आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवतो. शिकवता शिकवता मला हा छंद जडला असं म्हणायचं, पण आमच्या घरात याला छंद म्हणत नाहीत, खोड म्हणतात. नातेवाइकांकडे गेलो की चहा येण्याआधी माझी नजर भिंतीवरच्या बोर्डांवरून फिरते. कुठे रिकामा चार्जर खोचलेला दिसला की मी तो उपटतो. एकदा एका चुलत्यांकडे असाच हिरवा दिवा लागलेला चार्जर उपटला, तो त्यांच्या कानाच्या मशीनचा निघाला. दुसऱ्या दिवशी चुलते दिवसभर कुणालाच ओ देईनात. तेव्हापासून मी विचारून उपटतो.

माझा थोरला भाऊ आणि वहिनी निमगाव केतकीच्या पुढे, कालव्याच्या चारीच्या कडेला वस्तीवर राहतात. तिथला इन्व्हर्टर मीच बसवून दिलेला. पुढच्या खोलीत, टीव्हीखाली. बॅटरी चार वर्षांची, म्हणजे म्हातारपणाकडे झुकलेली. यंदा फेब्रुवारीत त्या बाजूला खांब आणि तारा बदलायचं काम निघालं आणि रविवार सोडून रोज सकाळी नऊला वीज जायला लागली. ती यायची पाच-साडेपाचला. एका रविवारी मी गेलो तर वहिनींनी पाण्याच्या तांब्याबरोबर तक्रारही पुढे केली.

"भावजी, तुमचा इन्व्हर्टर दुपारीच मान टाकतोय. घरात कुनी न्हाय, काय लावलेलं न्हाय, आन् चार वाजता येऊन बघावं तर तांबडा दिवा."

इन्व्हर्टर बिघडला की तो माझा असतो. चालत असला की घरचा असतो.

मी मीटर लावून पाहिलं. घरातलं सगळं बंद असताना तो बॅटरीतून दीड अँपिअर ओढत होता. आठ तास ओढत राहिला तर म्हाताऱ्या बॅटरीत उरणार काय? मी दादाला हे समजावून सांगितलं. दादा म्हणाला, "न चालता खातोय व्हय? मग दावनीला बांधलाच कशाला?" दादा मला मास्तर म्हणतो आणि माझं सगळं म्हणणं अशा एका वाक्यात आटपतो.

मी मात्र मनावर घेतलं. बारामतीला परत येऊन वर्ग सुटल्यावर बसायला लागलो. कल्पना नवी नाही, चांगल्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय मुळातच असते. काम नसलं की इन्व्हर्टरने झोपायचं. झोपेत दर दोन सेकंदांनी तारेत एक बारीकसा ठोका सोडायचा: कुणी आहे का? पलीकडे पंखा किंवा दिवा चालू असला तर ठोक्याला उत्तर मिळतं, इन्व्हर्टर जागा होतो. उत्तर नाही मिळालं की पुन्हा झोप. वस्तीवरच्या इन्व्हर्टरला ही सोय नव्हती, ती मी छोट्या सर्किटवर जुळवून बाहेरून बसवणार होतो. जुळवाजुळवीत आठवडा गेला, आणि सर्किट पिशवीत घालून निघायच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला.

आमच्या उसाला तोड आली होती. दादा आणि वहिनी दोघंही दिवसभर फडात होते. खुराड्याचं दार उघडं होतं, दिवसा ते कुणीच लावत नाही. कुठली तरी चार-पाच भटकी कुत्री आली आणि तासाभरात वहिनींच्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा मारून गेली. खाल्ल्या दोन-तीनच. बाकीच्या नुसत्याच मारून टाकल्या.

आता त्या कोंबड्यांविषयी सांगायला हवं. वहिनींचं माहेर बावडा. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला माहेरी गेल्या तेव्हा परत येताना त्यांनी एसटीत मांडीवर टोपली धरून एक कोंबडी आणि एक कोंबडा आणला होता. मी तेव्हा नववीत होतो. ती जात उघड्या मानेची, म्हणजे मानेवर पिसं नाहीत, नुसती लाल कातडी. दिसायला इतकी कुरूप की मी आणि दादा पोटभर हसलो होतो. "दिसायला नगं, रोगाला नमत न्हाईत," असं वहिनी म्हणाल्या होत्या, आणि ते खरं निघालं. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या कोंबड्या दर दोन-तीन वर्षांनी साथीत जायच्या, ह्या जायच्या नाहीत. वहिनींची आई आता नाही. बावड्यातही ती जात संपली, त्यांचा भाऊ आता पोल्ट्रीतून पांढरी कोंबडी आणतो. म्हणजे उघड्या मानेचं ते बेणं जगात आणखी कुठे असेल ते असेल, वहिनींच्या हिशेबी ते त्यांच्या खुराड्यात होतं आणि आता नव्हतं.

मी पोचलो तेव्हा अंगण झाडून झालं होतं. वहिनींच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि गव्हाच्या भुशाने भरलेली टोपली दाखवली. आठवडाभरात जमवलेली अंडी. एक कोंबडी खुडूक व्हायला, म्हणजे अंड्यांवर बसायला, आली होती, तिच्याखाली ठेवायची म्हणून विकली नव्हती, खाल्ली नव्हती. ती कोंबडी आता उकिरड्याच्या पलीकडे पुरलेली होती.

"एकुनतीस हायेत," वहिनी म्हणाल्या. "शेजारच्या वस्तीवर एक खुडूक हाय, पर ती सवताच्या अंड्यांवर बसलीय. भावजी, तुमचं यंत्र असतं न्हवं, लाईटीवर पिल्लं काढायचं?"

वहिनी आमच्या घरात आल्याला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. नववी-दहावीची दोन वर्षं मी बारामतीच्या शाळेत जायचो, पहिल्या गाडीला. वहिनी माझ्याआधी उठून डबा करायच्या. मी कधी त्याचे आभार मानले नाहीत, आमच्यात तशी रीत नाही. मी म्हणालो, उद्या करून आणतो.

थर्मोकोलची मोठी पेटी, आत चाळीस वॉटचे दोन पिवळे दिवे, हवा खेळती ठेवायला एक लहानसा पंखा, पाण्याची वाटी, आणि झाकणावर थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट म्हणजे आतली ऊब पाहून दिवे लावणारी-विझवणारी चकती, तिच्यावर लाल आकड्यांत तापमान दिसतं. रविवारी मी ती पेटी पुढच्या खोलीत ठेवली. वहिनींनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढला, म्हणजे दिवसातून तीनदा फिरवताना चूक नको. शेवटी त्यांनी पेटीच्या कोपऱ्यात मोडक्या विळ्याचं टोक ठेवलं. वीज कडाडली की अंडी आतल्या आत मरतात आणि लोखंड जवळ असलं की मरत नाहीत, असं आमच्याकडे समजतात. मी म्हणालो, फेब्रुवारीत कुठली वीज कडाडतेय. त्या म्हणाल्या, "असू द्या की, काय खातंय का ते?" लोखंड वीज खात नव्हतं.

खाणारा इन्व्हर्टर होता. वीज रोज आठ तास जाणार, पेटी बॅटरीवर चालणार, आणि त्यात इन्व्हर्टरचा स्वतःचा फुकट खर्च. मी हिशेब केला: पेटीचे दिवे सतत लागत नाहीत, ऊब झाली की विझतात, उतरली की लागतात. सरासरी धरली तर पेटीला लागणाऱ्या विजेहून जास्त वीज इन्व्हर्टर स्वतःच खात होता. तेवढी वाचली तर बॅटरी पाचपर्यंत टिकत होती, नाही वाचली तर साडेबारा-एकलाच मान टाकणार होती. माझं झोपेचं सर्किट आता नुसती हौस राहिली नव्हती, त्याच्यावर एकोणतीस अंडी होती.

मी ते बसवलं. मेन स्विच पाडून पाहिलं. पेटी नुकतीच लावलेली, गार होती, त्यामुळे दिवे लागलेलेच होते. इन्व्हर्टरने ठोका टाकला, दिव्यांनी उत्तर दिलं, इन्व्हर्टर जागा राहिला. दहा मिनिटं उभा राहून पाहिलं. मग पेटीचा प्लग काढला, तर इन्व्हर्टरची गूं-गूं थांबली आणि खोलीत असं काही शांत झालं की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"बंद पडला का?"

"बंद नाही. झोपला. काम नसलं की झोपतो, काम आलं की उठतो."

"मानसागत हाय की," त्या म्हणाल्या.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, ते लपवत नाही. निघताना मी दोघांना बजावून सांगितलं, बटणाला, वायरला कुणीही हात लावायचा नाही, आत मी सगळं नीट जुळवलंय. दादाकडे एक काम दिलं. बॅटरीवर मी व्होल्टमीटर बसवला होता, वीज यायच्या आधी रोज त्याचा आकडा मला फोनवर सांगायचा.

दादाने सांगितले. सोमवारी बारा पॉइंट सहा. मंगळवारी बारा पॉइंट सहा. बुधवारी बारा पॉइंट सात. मी ते वहीत लिहिले. आकडे माझ्या हिशेबापेक्षा कितीतरी चांगले होते. आठ तास पेटी चालवून बॅटरी जवळजवळ भरलेलीच राहत होती. माझा अंदाज फार तर बारा पॉइंट एकचा होता. हुशार माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी आकड्याखाली दोनदा रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: झोपेतील खर्च शून्याच्या जवळ. दुसऱ्या दिवशी वर्गात ती वहीही दाखवली.

सातव्या दिवशी, रविवारी, मी गेलो. रविवारी तारांचं काम बंद असायचं, त्यामुळे वीज होती. पेटीवर साडेसदतीसचा आकडा होता, दिवे लागत-विझत होते. आम्ही मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरून पाहिली. पाच अंड्यांत काहीच नव्हतं, ती बाजूला काढली. चोवीस अंड्यांत लाल बारीक शिरांचं जाळं दिसत होतं आणि त्यात एक ठिपका हलत होता. वहिनींनी एक अंडं मिटलेल्या पापणीला लावून पाहिलं. त्यांची आई असंच पाहायची म्हणे. मी म्हटलं, आकडा समोर लिहिलाय की. त्या हसल्या आणि पुढचं अंडं पापणीला लावलं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, बावड्याला वहिनींच्या भाचीचा साखरपुडा होता. मी रजा टाकली आणि सकाळी आठलाच गाडी घेऊन वस्तीवर गेलो. दादा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. वहिनी रोजच्या लुगड्यात उंबऱ्यात उभ्या.

"मी न्हाय येत. गुडघं धरल्यात."

"माहेरच्या जेवणाला तुमचे गुडघे कधी धरत नव्हते ते?" मी म्हणालो.

त्या हसल्या. दादा जाऊन गाडीत बसला. इंदापूर मागे पडेपर्यंत तो खिडकीतून बाहेरच पाहत होता. मला वाटलं, फडाची काळजी असेल.

मांडवात वहिनींचा भाऊ दोनदा येऊन विचारून गेला, आक्का का न्हाय आली. नवरी मुलगी तर जवळजवळ रडायला आली होती, आत्याने तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. मी सगळ्यांना हसतखेळत सांगितलं की आक्कांचे गुडघे आता फक्त सासरी चालतात. लोक हसले. मग विषय निघाला, किंवा मीच काढला, आणि मी त्या मांडवात पंगत बसेपर्यंत लोकांना झोपणारा इन्व्हर्टर समजावून सांगितला. ठोका कसा जातो, उत्तर कसं येतं, आठ तासांनंतरही बॅटरी कशी भरलेली राहते. तिकडे माझ्या वहिनींच्या उघड्या मानेच्या कोंबड्यांची अंडी त्यावरच उबतायत, हेही सांगितलं. दादा माझ्या शेजारी बसून लाडवाचे तुकडे करत होता.

पुढच्या मंगळवारी आमच्या परीक्षेचं काम दुपारीच आटोपलं आणि मी कुणाला न कळवता वस्तीवर गेलो. पिल्लं निघायला पाच दिवस राहिले होते, झाकण कधी उघडायचं आणि वाटीत पाणी किती वाढवायचं ते सांगायचं होतं. एक वाजला असेल. वीज गेलेली होती. दार उघडं होतं.

वहिनी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर दुहेरी गोधडी, तिच्या आत अंड्यांची पाटी, आणि दोन्ही हात गोधडीखाली. बाजूला गरम पाण्याच्या दोन बाटल्या जुन्या धडप्यांत गुंडाळून ठेवलेल्या. चुलीवर आणखी पाणी चढवलेलं होतं, त्याची वाफ दिसत होती. पेटीचं झाकण उघडं होतं आणि पेटी रिकामी होती. झाकणावरचा लाल आकडा दर दोन सेकंदांनी क्षणभर चमकायचा आणि जायचा. चमकायचा आणि जायचा.

मला सगळं कळायला त्या आकड्याचे तीन-चार ठोके पुरले. पेटी गार असताना दिवे लागलेले असतात, ऐंशी वॉटचं उत्तर मिळतं, इन्व्हर्टर जागा राहतो. ऊब पुरी झाली की थर्मोस्टॅट दिवे विझवतो. मग उरतो एक चिमुकला पंखा आणि तो लाल आकडा. ठोक्याला उत्तर द्यायला तेवढं पुरत नाही. इन्व्हर्टरला वाटतं घरात कुणी नाही, तो झोपतो. तो झोपला की थर्मोस्टॅटही बंद. ऊब उतरते, पण दिवे लावायचे कुणी? वीज येईपर्यंत कुणीच नाही. वर्गात मी बोंबलून सांगतो की यंत्र चालू असताना तपासा, तसं ते आपोआप बंद होतं तेव्हाही तपासा. मी दहा मिनिटं दिवे लागलेले पाहिले आणि बारामतीला निघून आलो. बारा पॉइंट सात का दाखवत होतं तेही आता कळलं. बॅटरी वाचत नव्हती. तिच्यावर काही चालतच नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पैल्या सोमवारपासनं." वहिनी उठू लागल्या, मी बसा म्हणालो. "धाच्या सुमाराला अंडं डोळ्याला लावलं तर गार. म्हटलं, आता?"

"मला फोन का नाही केलात?"

"तुमीच म्हनला हुता की, काम नसलं की झोपतो. मला वाटलं दिवसा त्याला झोपवायचंच असंल, बॅटरीसाठी. रातच्याला तेनं बघायचं, दिवसा आपुन. कोंबडी न्हाय का उठत, दानं खाया?" मग म्हणाल्या, "आन् तुमी हात लावू नगा म्हनला हुता. एवढं खपून केलेलं."

मी काय केलं असेल? खिशातून मीटर काढला. पन्नाशी उलटलेला माणूस, समोर वहिनी दोन आठवडे मांडीवर अंडी घेऊन बसलेली, आणि मी ऊब मोजायला गोधडीत मीटरची वायर खुपसायला निघालो. वहिनींनी माझा हात बाजूला केला. पाटीतून एक अंडं काढलं आणि म्हणाल्या, "डोळं मिटा."

मी डोळे मिटले. त्यांनी अंडं माझ्या पापणीला लावलं. ते उबदार होतं, ताज्या भाकरीइतकं नाही, पण माणसाच्या तळहाताहून जास्त. आणि मग आतून काहीतरी हललं. अगदी थोडं. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटल्याचं आठवत नाही, आणि ती लपवायला जागाही नव्हती, कारण डोळे मिटलेले होते आणि अंडं पापणीवर होतं.

दादा तीन वाजता ट्रॅक्टर घेऊन आला. मी त्याच्यावरच चिडलो. रोज संध्याकाळी फोन करत होतास, मग हे का सांगितलं नाहीस?

"तू आकडा इचारलास," दादा म्हणाला. "मी आकडा सांगितला."

मी जमिनीवर वायर पसरून बसलो आणि उपाय शोधायला लागलो. ठोका मोठा करावा, किती उत्तराला जागं व्हायचं तो उंबरा खाली आणावा, पंखा आणि थर्मोस्टॅट बॅटरीवर वेगळे घ्यावेत. दादा हातपाय धुऊन माझ्याजवळ उकिडवा बसला, थोडा वेळ ऐकून घेतलं.

"मास्तर, ट्रॅक्टरचा दिवा बॅटरीवरच लागतोय न्हवं?"

"हो."

"मग तो घाल की पेटीत. बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्टचा दिवा. मधी हा झोपनारा कशाला घालतोस?"

इन्व्हर्टरचा फुकटचा खर्च कसा कमी करायचा यावर मी आठवडाभर खपलो होतो. इन्व्हर्टरलाच बाजूला ठेवलं तर खर्च उरतच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दादा उठून गेला आणि शेडमधून ट्रॅक्टरचे दोन जुने दिवे आणि जुन्या फवारणी पंपाच्या चार्जरमधला एक लहान पंखा घेऊन आला. थर्मोस्टॅट बारा व्होल्टवर चालणारा होताच, मी उगाच त्याला अडॅप्टर लावून वळसा घातला होता. तासाभरात पेटी थेट बॅटरीवर आली. या वेळी मी दहा मिनिटं नाही, दीड तास बसलो. दिवे लागले, विझले, ऊब अर्ध्या अंशाने उतरली, पुन्हा लागले. वहिनींनी एकेक अंडं परत आत ठेवलं, फुली वर, आणि विळ्याचं टोक पुन्हा कोपऱ्यात सरकवलं. मग त्या उठल्या. उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि क्षणभर तशाच वाकून उभ्या राहिल्या. एवढे दिवस एका जागी बसून त्यांचे गुडघे खरोखरच धरले होते.

रविवारी पिल्लं निघाली. चोवीसपैकी सोळा. मी सकाळपासून तिथेच होतो. आधी कवचाला बारीक भोक पडतं, मग तासन् तास काही होत नाही, मग एकदम अर्धं अंडं उघडतं आणि ओलं, थकलेलं काहीतरी बाहेर पडतं. तीन सोडली तर सगळ्यांच्या माना उघड्या होत्या. जगात एवढं कुरूप पिल्लू दुसरं नसेल. मला ती फार आवडली. आठ अंडी फुटली नाहीत. ती कुणामुळे, मला माहीत आहे. वहिनींनी ती मोजली नाहीत, सुपात घालून मागच्या दाराने नेली आणि येताना हात धुऊन आल्या.

झोपेचं सर्किट मी इन्व्हर्टरवरून काढलं नाही. घराच्या दिव्यांसाठी ते छान चालतं. वहीतली ती दोन रेघांची ओळही तशीच आहे, वर्गात मी ती अजून दाखवतो, आता वेगळ्या कारणासाठी.

मार्चच्या मध्यावर मी वस्तीवर गेलो तर वहिनी नव्या लुगड्यात बसल्या होत्या. शेजारी टोपली, वर फडकं बांधलेलं, आतून चिवचिवाट.

"भावजी, मला बावड्याला सोडता का? भावाला धा हवी हुती, मी पाचच देनार. आन् पोरीला बघून येते. तिच्या साकरपुड्याला मी न्हवते."

आम्ही निघालो. ऊन कडक झालं होतं, मी एसी लावला. इंदापूर ओलांडलं. दिराने वहिनीची माफी मागायची आमच्यात पद्धत नाही, आणि तिचे शब्दही मला येत नाहीत. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी मांडवात मी तुमच्या गुडघ्यांवरून सगळ्यांना हसवलं."

"सांगितलं मला भावानं," वहिनी म्हणाल्या. "तो बी हसला म्हनं." मग म्हणाल्या, "मी तुमच्या यंत्राचं त्याला काय बोलले न्हाय. तुमी बी बोलू नगा आता."

टोपली त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी फडक्याची गाठ सैल केली, आत हात घातला, एक पिल्लू काढून मिटलेल्या पापणीला लावलं, आणि त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली. मी हात पुढे केला आणि गाडीचा एसी बंद केला.